रोजच्या रस्त्यावरचा रोजचाच ड्रायव्हर : सायकलवर असताना गाडी अंगावर आली तर काय करता?

शहापूरकर (सोमवार, रात्री ९.१०)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडे चंदगड, या पट्ट्यात सायकल चालवणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. पहाटे हौसेनं राजहंसगडाला जाणारे, शिफ्टला उद्यमबागेत जाणारे, शाळा-कॉलेजची पोरं, सगळ्यांनीच लिहा. गाडी अंगाला घासून जाते, मागून हॉर्न दाबून धरला जातो, मुद्दाम कट मारला जातो, खिडकीतून शिवी येते. अशा वेळी तुम्ही तिथल्या तिथे काय करता आणि नंतर काय करता?

माझं मत आधी मांडतो. सायकलवाल्यांना जो सल्ला मिळतो तो बहुतेक पुण्या-मुंबईचा असतो. तिथं घासून गेलेला ड्रायव्हर परत कधी दिसत नाही. आपल्याकडे तो रोज दिसतो. येळ्ळूर रोडवर सकाळी येणारा दुधाचा टेम्पो उद्याही त्याच वेळेला येणार. बेळगुंदीची बस, सुळग्याकडची टमटम, खाणीवरचा टिप्पर, सगळ्यांच्या वेळा आपल्याला पाठ असतात आणि त्यांनाही आपली सायकल पाठ असते. त्यामुळे रस्त्यावर भांडून जे होत नाही, ते संध्याकाळी मालकाच्या दारात होतं असं माझं ठाम मत आहे.

येळ्ळूर रोडच्या त्या टेम्पोचंच सांगतो. रिकाम्या कॅनचा खडखडाट मागून यायचा आणि लगेच आरसा माझ्या कोपराजवळून जायचा. मागच्या फळीची साखळी अडकवलेली नसायची, ती बाहेर लोंबत असायची. माझी भीती त्या साखळीची होती, हँडलमध्ये अडकली असती तर मी चाकाखालीच. मी ड्रायव्हरला हात केला नाही की पाठलाग केला नाही. नंबर लक्षात ठेवला, गाडी कुणाची ते गल्लीत विचारलं आणि शेजारच्या दोघा जाणत्या माणसांना घेऊन संध्याकाळी मालकाकडे गेलो. तक्रार करायला आलोय असं म्हटलंच नाही. "मामा, तुमच्या गाडीची साखळी लोंबते, एखाद्या पोराला लागली तर तुमच्यावर येईल," एवढंच बोललो. मामांनी ड्रायव्हरला समोर बोलावलं. आता साखळी बांधलेली असते आणि टेम्पो पार पलीकडून जातो.

आता तुमचं सांगा.

---

कॅम्पातला (सोमवार, रात्री ९.४५)

शहापूरकर, तुमचं जमलं म्हणून सगळ्यांचं जमेल असं नाही. माझा रस्ता काँग्रेस रोड, गोगटे सर्कल, तिथून खानापूर रोड. तिथं कुठला मामा शोधू? घाईतली चारचाकी, एका हातात मोबाईल, डावीकडे वळताना इंडिकेटर नाही. गप्प बसलं की लोक सोकावतात. मी सिग्नलला गाठतो, काचेवर टकटक करतो आणि तोंडावर सांगतो, "आत्ता मला उडवलं असतं तुम्ही." दहातले निम्मे तरी चपापतात, सॉरी म्हणतात. बाकीचे शिव्या देतात. देऊ देत.

सायकलवाल्यानं कायम पडतं घ्यायचं, हे मला मान्य नाही.

---

उद्यमबाग शिफ्ट (सोमवार, रात्री १०.३०)

मी मच्छ्याहून येतो. आम्ही पाच-सहा जण बरोबर असतो, कधी देसूरचे दोघं मिळतात. हेल्मेट, कॅमेरा, चमकणारं जॅकेट यातलं आमच्याकडं काही नाही. सायकल वडिलांची, चोवीस इंची, घंटी वाजते एवढंच.

भांडण आणि पोलीस, दोन्ही आम्हाला परवडत नाही. सिग्नलला भांडत बसलो तर कार्ड पंच करायला उशीर, अर्धा दिवस कापला जातो. पोलिसात गेलो तर अख्खा खाडा. शिव्या खायच्या आणि पुढं जायचं, इतकी वर्षं हेच चाललेलं.

पण शहापूरकर दादांचं ते मालकाचं बरोबर आहे. सकाळच्या शिफ्टला कामगारांना आणणाऱ्या गाड्या असतात, त्यातली एक गाडी आमच्या मागं येऊन हॉर्न धरूनच ठेवायची. गाडी कंत्राटदाराची, पण आत बसलेली माणसं आमच्याच खात्यातली. आम्ही फोरमनला सांगितलं, त्यानं टाइम ऑफिसला सांगितलं, तिथनं कंत्राटदाराला फोन गेला. दुसरी गोष्ट, आत बसलेल्या पोरांना आम्ही जेवणाच्या सुट्टीत सांगितलं की बाबा, ड्रायव्हरला तुम्हीच आवाज द्या. ते जास्त लागू पडलं. गाडीतल्या माणसानं "ओ, दमानं घ्या की, आपलीच माणसं हायत" म्हटल्यावर ड्रायव्हर ऐकतो. सायकलवरनं ओरडलेलं त्याला ऐकूच जात नाही.

---

जांबोटी रोड (मंगळवार, सकाळी ६.२०)

@उद्यमबाग शिफ्ट, तुमची पोस्ट वाचून बरं वाटलं. आम्ही रविवारी गटानं जाणारे सायकलीवर बोलत असतो, पण पोटासाठी रोज सायकल मारणारे रस्त्यावर आमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत.

मी तिथल्या तिथे काय करायचं त्याबद्दल लिहितो, कारण बहुतेक माणसं तिथंच जखमी होतात. मागून हॉर्न आला की नवा माणूस दचकून डांबर सोडतो आणि साईडपट्टीवर उतरतो. पावसाळ्यानंतर आपल्याकडच्या रस्त्यांची कड बघा. पिरनवाडीच्या पुढं जांबोटीकडे, बेळगुंदी-राकसकोप रस्त्यावर, डांबर आणि मुरूम यांच्यात चार-चार बोटं फरक असतो. खाली उतरताना काही वाटत नाही. परत वर यायला बघितलं की पुढचं चाक त्या कडेला घासत सरकतं, वर चढत नाही आणि माणूस उजवीकडे, म्हणजे गाडीच्याच बाजूला आडवा पडतो. ड्रायव्हरनं धडक दिलेली नसते, तरी चाक अंगावरून जातं.

म्हणून मी नव्या पोरांना आधी एकच शिकवतो. कडेला चिकटून चालवू नका, डांबराच्या कडेपासून हातभर आत राहा. हॉर्न आला तर सरळ रेष सोडू नका. तो हातभर डांबर तुमच्यासाठी राखीव असतो, गाडी खरंच अंगावर आली तर सरकायला तेवढी जागा उरते. आधीच कडेला गेलात तर सरकणार कुठं? आणि कडेला चिकटलेल्या सायकलच्या बाजूनं ड्रायव्हर समोरून गाडी येत असतानाही घुसतो. थोडं आत असलात की त्याला थांबावंच लागतं, समोरचा रस्ता मोकळा झाल्यावरच तो पुढं काढतो. हॉर्न जास्त वाजतो, हे खरं. वाजू द्या. हॉर्न वाजला म्हणजे त्याला आपण दिसलो आहोत.

उतरायचंच असलं तर वेग कमी करून, पूर्ण खाली उतरा आणि थांबा. परत चढताना चाक कडेला तिरकं नको, सायकल उचलून घ्या.

हँडलच्या उजव्या टोकाला छोटा आरसा बसवा. मागचं वाहन दिसलं की निम्मी भीती कमी होते.

---

निपाणीकर (मंगळवार, सकाळी ८.०५)

हातभर आत राहायचं हे बेळगुंदी रोडला ठीक आहे. हायवेवर नको. आमच्याकडं ४८ नंबरचा हायवे, तवंदी घाट, कोगनोळीपर्यंत कंटेनरची रांग. तिथं मोठा ट्रक वेगानं बाजूनं जाताना वारा आधी बाहेर ढकलतो आणि ट्रकचं शेपूट पुढं गेलं की आत ओढतो. ज्याला ठाऊक नाही तो ढकलल्यावर उजवीकडे हँडल ओढतो आणि पुढच्याच क्षणाला ट्रकच्या मागं खेचला जातो. ट्रक आला की कोपरं सैल सोडा, हँडल हलकं धरा, अंग खाली घ्या आणि वारा जाऊ द्या. शक्य असेल तिथं सर्व्हिस रोडच धरा. पण सहापदरीच्या कामामुळं सर्व्हिस रोड मध्येच संपतो आणि समोरून उलट्या दिशेनं मोटारसायकली येतात, हे ध्यानात ठेवा.

आणि खरी भीती मला कंटेनरची नाही, उसाच्या ट्रॅक्टरची आहे. आता हंगाम सुरू होईल. संकेश्वर, चिकोडी, निपाणी, काकतीकडचे सगळे रस्ते डबल ट्रॉलीनं भरणार. मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, टेपचा आवाज एवढा की ड्रायव्हरला स्वतःचं इंजिनही ऐकू येत नसेल. पहाटे अंधारात उभी ट्रॉली दिसतच नाही. यांच्याशी बोलायचं तरी कसं, सांगा.

---

ट्रॉलीवाला (मंगळवार, दुपारी १.५०)

मी ऊस ओढतो, चिकोडी तालुक्यातला. मोबाईलवर वाचत होतो, म्हटलं आपणपण सांगावं.

निपाणीकर भाऊ, टेप मोठा लावतो ते झोप येऊ नये म्हणून. फडात रात्रभर भरणी चालते, मग कारखान्याच्या यार्डात नंबर लागायला कधी अख्खा दिवस जातो, कधी रात्रपण. वजनकाट्यावरून रिकामं होऊन परत फडात. पैसे टनावर आहेत, बसून राहिलं की मिळत नाहीत. दोन-दोन रात्री नीट डोळा लागत नाही. हे चांगलं आहे असं म्हणत नाही, हे असं चालतं एवढंच सांगतो.

सायकलवाल्यांना दोन-तीन गोष्टी माहीत पाहिजेत. दोन ट्रॉल्या भरलेल्या असल्या की ब्रेक दाबल्यावर ट्रॅक्टर थांबतो, ट्रॉल्या मागून ढकलत राहतात. एकदम दाबला तर मागची ट्रॉली आडवी होते, म्हणून आम्ही एकदम दाबतच नाही. तुम्ही समोर आडवे आलात तर मला थांबता येणार नाही, माझी इच्छा असली तरी.

चढाला मी थांबलो तर परत उचलत नाही, पुढचं चाक वर येतं. म्हणून चढावर तुमच्या मागं हळू यायचं मला जमत नाही, मी बाजूनं काढणारच. चढावर मागं ट्रॅक्टर आला तर मोकळी जागा बघून तुम्हीच थांबा, अर्धा मिनिट.

आणि वळणावर ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीनं येत नाही. डावं वळण असलं की पहिली ट्रॉली आत कापते, दुसरी आणखी आत. ट्रॅक्टर तुमच्यापासून लांबून गेला म्हणजे सुटलो असं समजू नका. मागची ट्रॉली बरोबर तुमच्या अंगावर येते. वळणावर ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूला कधीच राहू नका.

दिव्यांचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. ट्रॉलीला वायर जोडलेली असते ती फडात उसाच्या पाल्यात तुटते, कोण परत जोडत बसत नाही. पट्टी चिकटवली तर ती टिकते. पण पट्टी आणून देणार कोण, मालक म्हणतो पुढच्या हप्त्यात.

---

निपाणीकर (मंगळवार, दुपारी २.१५)

ट्रॉलीवाला भाऊ, मनापासून आभार. आतल्या बाजूला कापणाऱ्या दुसऱ्या ट्रॉलीचं इतकं नीट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

---

खानापूरची (मंगळवार, सायंकाळी ५.४०)

मी शिक्षिका आहे, खानापूर तालुक्यात. माझ्या शाळेतल्या बऱ्याच मुली सायकलनं येतात. कर्नाटक सरकारनं २००६-०७ पासून आठवीच्या मुलांना सायकली दिल्या, त्यामुळे ज्या गावांना बसची सोय नव्हती तिथल्या मुलींची शाळा सुटली नाही. त्या जुन्या सायकली अजून धाकट्या बहिणी चालवतात. म्हणून वरच्या चर्चेत मुलींचं कुणीच काही लिहिलं नाही याचं वाईट वाटलं.

मुलींना त्रास ट्रकचा कमी, मोटारसायकलवाल्यांचा जास्त. दोघं-तिघं एका गाडीवर, शेजारी येऊन वेग कमी करतात, काहीतरी बोलतात, हँडलला हात लावतात, ओढणी ओढतात. ही बेफिकिरी नव्हे, हा छळ आहे. इथं "मालकाकडे जाऊन गोडीनं बोला" चालत नाही आणि "सिग्नलला गाठा" तर अजिबात नाही.

आम्ही मुलींना असं सांगतो. एकटीनं आडवाटेला वळायचं नाही, मुख्य रस्त्यावर माणसं असतील तिकडं जायचं. पहिलं दुकान, चहाची टपरी, दूध डेअरी, बसथांबा, तिथं थांबायचं आणि मोठ्यानं सांगायचं की हे माझ्या मागं लागलेत. गाडीचा नंबर तोंडपाठ करायचा, पहिलं निम्मं पाठ असेल तरी चालतं, केए-२२ पुढं कुठलं अक्षर एवढं आठवलं तरी शोध लागतो. ११२ नंबर सगळ्यांना पाठ करून घेतलाय. आणि मुलगी घरी येऊन सांगते तेव्हा "उद्यापासून सायकल बंद" म्हणायचं नाही, हे मी पालकसभेत प्रत्येक वेळी बोलते. सायकल बंद झाली की शाळा बंद होते आणि त्या पोरांचं काहीच बिघडत नाही.

आमच्या वाटेवरच्या टपरीवाल्या मावशींना आम्ही सगळं सांगून ठेवलंय. त्या रस्त्याकडं तोंड करूनच बसतात. गेल्या वर्षापासून त्या टप्प्यात त्रास जवळजवळ थांबलाय.

---

टिळकवाडीचा वकील (मंगळवार, रात्री ९.००)

खानापूरच्या बाईंचं अगदी बरोबर. वारंवार मागं लागणं हा भारतीय न्याय संहितेत कलम ७८ खाली गुन्हा आहे, मुलगी अल्पवयीन असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदाही लागू शकतो. यात तडजोड करायची नसते.

बाकीच्यांसाठी कायद्याचं थोडं सविस्तर लिहितो, कारण "काही लागलं नाही तर केस होत नाही" असा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. तो चुकीचा आहे. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली. जुन्या २७९ च्या जागी आता कलम २८१. सार्वजनिक रस्त्यावर माणसाच्या जिवाला धोका होईल किंवा इजा होण्याची शक्यता असेल अशा बेदरकारपणे गाडी चालवली, तरी गुन्हा होतो. इजा झालीच पाहिजे असं नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. इजा झाली तर कलम १२५, मृत्यू झाला तर १०६. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात गाडी चालवताना हातात मोबाईल धरणं आणि नियम मोडून ओव्हरटेक करणं हे स्पष्ट लिहिलंय. पहिल्या गुन्ह्याला दंड एक हजारापासून पाच हजारांपर्यंत, कैदही होऊ शकते.

सायकलला किती अंतर सोडायचं याचा आकडा मात्र आपल्या मोटार वाहन कायद्यात नाही. स्पेनमध्ये दीड मीटर आहे, जर्मनीत २०२० पासून गावात दीड आणि गावाबाहेर दोन मीटर. आपल्याकडं पोलिसाला "धोकादायक" म्हणजे काय ते पटवून द्यावं लागतं, म्हणून तक्रारीत अंतर लिहा: "आरसा माझ्या कोपराला लागला", "मला डांबर सोडावं लागलं". "जवळून गेला" एवढं लिहिलेलं कुणी वाचत नाही.

कॅमेरा असेल तर मूळ मेमरी कार्ड जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली क्लिप कोर्टात कमकुवत पडते. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं.

तक्रार कुठं द्यायची? शहरात पोलीस आयुक्तालय आहे आणि वाहतुकीची उत्तर व दक्षिण अशी वेगळी ठाणी आहेत. खानापूर, निपाणी, चिकोडी हे जिल्हा पोलीस अधीक्षकांकडं.

धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालच्या योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार भरपाई मिळते. गाडी सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जायचं, अपघातापासून सहा महिने उलटू देऊ नका. उद्यमबागेच्या दादांनी हे खास लक्षात ठेवावं. सायकलला विमा नसतो, लायसन नसतं, म्हणून आपल्याला काही मिळणार नाही असं समजून कितीतरी कामगार घरी बसतात. विमा गाडीवाल्याचा असतो, पैसे तिथूनच येतात.

---

चंदगडी (मंगळवार, रात्री १०.१०)

वकील साहेब, आमचं दुखणं वेगळं. मी शिनोळीहून रोज हिंडलग्याला येतो. बाचीजवळ महाराष्ट्राची हद्द संपून कर्नाटकाची लागते. एकदा बाचीच्या अलीकडं मला एका कारनं पाडलं, गाडी एमएच-०९. इकडच्या ठाण्यात गेलो तर म्हणाले महाराष्ट्राची गाडी, तिकडं जा. तिकडं म्हणाले घडलं कर्नाटकात, इकडं या. हाताला प्लास्टर घालून दोन राज्यं हिंडलो.

---

टिळकवाडीचा वकील (मंगळवार, रात्री १०.३५)

चंदगडी, असं पाठवता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र असेल, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येतो असा असेल, तर माहिती नोंदवून घ्यावीच लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात, पुढं योग्य ठाण्याकडं वर्ग करणं हे त्यांचं काम. गाडीची पासिंग कुठली याचा हद्दीशी काही संबंध नाही, घटना कुठं घडली ते बघायचं. तक्रार ऑनलाईनही पाठवता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

भाषेचंही सांगतो, कारण ते आपल्याकडं कायम येतं. तुमचा लेखी अर्ज मराठीत द्या, त्याची पोच घ्या. ठाण्यात नोंद कन्नडमध्ये होईल. कायद्याप्रमाणे ती तुम्हाला वाचून दाखवली पाहिजे आणि प्रत फुकट मिळाली पाहिजे. कळत नसेल तर कन्नड येणारा मित्र बरोबर न्या आणि समजून घेतल्याशिवाय सही करू नका. जागा, वेळ, गाडी नंबर आणि "कोणत्या बाजूनं धडक" या चार गोष्टी बरोबर उतरल्यात का, एवढं बघा.

---

कॅम्पातला (मंगळवार, रात्री ११.००)

हे सगळं ठीक आहे. पण काच वाजवणं मी सोडणार नाही.

---

शहापूरकर (बुधवार, सकाळी ७.३०)

कॅम्पातले भाऊ, तुमचा राग मला कळतो. पण एक गोष्ट सांगतो, ती बेळगावचीच आहे. चन्नम्मा सर्कलला किंवा गोगटे सर्कलला दोन माणसं आवाज चढवून बोलायला लागली की चौथ्या मिनिटाला गर्दी जमते आणि पाचव्या मिनिटाला कोण मराठी, कोण कन्नड हे सुरू होतं. सायकलला कट मारला हा विषय राहतोच बाजूला. ज्याच्या बाजूनं माणसं जास्त त्याचं खरं. असं मी डोळ्यांनी बघितलंय आणि ज्याला लागलं होतं तो बिचारा घाबरून सायकल घेऊन निघून गेला. आपला मुद्दा जिवाचा आहे, तो या वादात हरवू द्यायचा नाही.

म्हणून मी रस्त्यावर बोलायचंच झालं तर समोरच्याच्या भाषेत बोलतो. "अण्णार, सैकल मंदि इरताररी, स्वल्प जागा बिडरी." म्हणजे, भाऊ, सायकलवाली माणसं असतात, थोडी जागा सोडा. एवढं मोडकं-तोडकं पुरतं. बसच्या ड्रायव्हरला तर थांब्यावर उभं राहून, नमस्कार करून सांगायचं. त्याच्या मागं पंधरा बायका-माणसं बसलेली असतात, ती पण ऐकतात.

बस ऐकत नसेल तर आगारात लेखी द्या. गाडी नंबर, वेळ, कुठून कुठं जाणारी, एवढं असलं की कुणाची ड्युटी होती ते त्यांच्या रजिस्टरवर निघतं. एकट्यानं न देता त्या रस्त्यानं जाणाऱ्या सगळ्यांच्या सह्या घ्या. आम्ही एकदा दिला होता असा अर्ज, साहेबांनी त्या ड्रायव्हरला आमच्यासमोर उभं केलं नाही, बरंच झालं. आम्हाला माफी नको होती, जागा हवी होती. ती मिळाली.

---

कॅम्पातला (बुधवार, सकाळी ८.१०)

चौथ्या-पाचव्या मिनिटाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, नाकारत नाही. पण गोव्याकडं जाणाऱ्या गाड्यांचं काय? चोर्ल्याला शनिवारी सकाळी निघणाऱ्या. त्यांचा ना मालक सापडतो ना आगार. जांबोटीच्या पुढं कणकुंबीपर्यंत त्यांचंच राज्य.

---

जांबोटी रोड (बुधवार, दुपारी १२.४०)

त्यांच्यापुढं शहापूरकरांचा उपाय चालत नाही, मान्य. तिथं आपण वेळ बदलायची. शनिवार-रविवारी उजाडायच्या आत निघून ऊन चढायच्या आधी परत जांबोटीच्या अलीकडं यायचं. गोव्याच्या गाड्या बेळगावात नाश्ता करून निघतात. पावसाळ्यात धुकं असताना त्या रस्त्याला मी जातच नाही, मागचा लाल दिवा कितीही चांगला असला तरी.

कुणी पडलेला दिसला तर मात्र थांबा. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या चकरा माराव्या लागतात ही भीती आता बाळगायचं कारण नाही. केंद्राच्या मोटार वाहन कायद्यात कलम १३४-ए आहे आणि कर्नाटकाचा स्वतःचा २०१६ चा कायदा आहे. १०८ ला फोन करा, नाव सांगायची सक्ती नाही.

बाजारपेठेबद्दल एक राहिलं. रामदेव गल्ली, किर्लोस्कर रोड, खडेबाजार, इथं चालती गाडी नव्हे, उभी गाडी मारते. कारचं दार फटकन उघडतं. उभ्या गाड्यांपासून दाराएवढं अंतर ठेवा आणि आत कुणी बसलंय का ते मागच्या काचेतून बघत चला. तुम्ही स्वतः कार चालवत असाल तर दार डाव्या हातानं उघडायची सवय लावा. डावा हात उजव्या दाराकडं नेला की मान आपोआप मागं वळते आणि येणारी सायकल दिसते. माझ्या घरी सगळ्यांना ही सवय लावलीय.

---

उद्यमबाग शिफ्ट (बुधवार, रात्री १०.२०)

वकील काकांनी भरपाईचं सांगितलं ते मी आज डबा खाताना सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्यातल्या एकाच्या भावाला उन्हाळ्यात गाडीनं उडवलं, पाय मोडला, घरीच बसून आहे. त्याला वाटत होतं गाडी सापडली नाही म्हणजे विषय संपला. कागद काय लागतील?

---

टिळकवाडीचा वकील (बुधवार, रात्री १०.४५)

एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद, ओळखपत्र, बँकेचं पासबुक. एफआयआर झालेली नसेल तर आधी ती. उशीर झाला म्हणून नोंद नाकारली तर मला इथंच निरोप टाका, मी त्याच्याबरोबर जाईन. फी नको.

---

निपाणीकर (गुरुवार, सकाळी ९.१५)

ट्रॉलीवाला भाऊंनी पट्टीचं लिहिल्यापासून डोक्यात एक आहे. रिफ्लेक्टरची पट्टी आपणच आणू या. नियमाप्रमाणे पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. गाडीच्या सामानाच्या दुकानात रोल मिळतो, चार-पाच जणांनी वर्गणी काढली तर बऱ्याच ट्रॉल्यांना पुरेल. हंगाम सुरू व्हायच्या आत यार्डात जाऊन चिकटवायची. भाऊ, तुमच्या ओळखीनं होईल का? आणि पोरं ऐकतील का?

---

शहापूरकर (गुरुवार, सकाळी ९.४०)

मी आहे. लाल पट्टीचा एक रोल माझ्याकडून.

---

जांबोटी रोड (गुरुवार, सकाळी १०.००)

मीपण. आमच्या रविवारच्या गटातनं आणखी तिघं येतील.

---

ट्रॉलीवाला (गुरुवार, दुपारी ३.३०)

ऐकतील की. फुकट पट्टी लावून देताय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार. पण यार्डात नको, तिथं नंबरसाठी ढकलाढकली असते. हंगामाच्या आधी सगळे ट्रॅक्टर आमच्या गावातल्या गॅरेजला वेल्डिंगला येतात, तिथंच या. सकाळी लवकर या, दुपारनंतर पत्रा तापतो, हात लावू देत नाही. येताना रॉकेल नाहीतर थिनर आणि जुनी फडकी आणा. मागच्या हंगामाची मळी अन् ग्रीस बसलेलं असतं, ते पुसल्याशिवाय पट्टी दोन दिवस टिकणार नाही. आणि मागच्या फळीवर लावू नका, ऊस उतरवताना फळी काढतात. खालच्या चॅनेलला लावा.